मुंबई ते लंडन: ७,२०० किलोमीटरच्या सरळ रेषेची वाकडी गोष्ट (थ्रेड)

१/
मागच्या वर्षी सप्टेंबरात एक मैत्रीण उच्च शिक्षणासाठी लंडनला गेली. ती भारतीय कंपनीच्या विमानात बसली होती आणि मी इकडे मध्यरात्री फोनवर त्या विमानाचा माग पाहत होते. मुंबईहून उड्डाण झाल्यावर विमान सौराष्ट्राकडे न जाता पश्चिमेस वळले आणि अरबी समुद्रावरून ओमानच्या रोखाने निघाले. लंडन तर वायव्येला! त्या वळणाचे कारण शोधता शोधता मी दोन शतके मागे गेले. थ्रेड लांब आहे, सवडीने वाचा.

२/
आधी एक छोटा प्रयोग. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये एक दोरा ताणून धरा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हे करू नका, तो फसवतो. गोलावरचा ताणलेला दोरा हीच दोन शहरांमधली सर्वांत जवळची वाट. लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर.

हा दोरा कुठून जातो ते पाहा: सौराष्ट्र, कराचीच्या अगदी जवळून बलुचिस्तान, इराणचे वाळवंट, कास्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा, अझरबैजान, काळ्या समुद्राचा ईशान्य भाग, क्रिमिया, युक्रेन, पोलंड आणि चेक प्रजासत्ताकाचा सीमाभाग, जर्मनी, आणि मग लंडन.

ही नावे सलग वाचली की वर्तमानपत्राचे पहिले पान वाचल्यासारखे वाटते. थ्रेडचा विषय तोच आहे.

३/
आज या प्रवासास न थांबता साधारण नऊ ते दहा तास लागतात. जाताना थोडे जास्त, येताना थोडे कमी, कारण उंचावरचे जेट स्ट्रीमचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. अंतर पेशव्यांच्या काळी जेवढे होते तेवढेच आहे. वेळ मात्र महिन्यांवरून तासांवर आला. तो इंजिनांमुळे आला असे आपण शाळेत शिकतो, आणि ते खरेही आहे. पण कागदपत्रे चाळू लागले की दुसरीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा आडवी येते: कोणाच्या डोक्यावरून उडण्याची परवानगी कोणी दिली आणि कोणी नाकारली.

४/
समुद्राचा काळ भरभर उरकते. आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजाला मुंबईहून लंडनला पोहोचण्यास चार ते सहा महिने लागत. १८३० च्या मार्चमध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट कोळशाच्या जोरावर सुएझला निघाली. कोळसा ठेवायला जागा पुरेना म्हणून तो माणसांच्या खोल्यांतही भरला होता. एडन गाठले तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा उरला होता. तिच्यावरचे टपाल सुमारे दोन महिन्यांत लंडनला पोहोचले. एवढा विक्रम करूनही कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी शाबासकीऐवजी खर्चाबद्दल नापसंतीच कळवली.

५/
या आकड्यांचा अर्थ माणसाच्या आयुष्यात काय होतो, हे कळायचे असेल तर साताऱ्याचे वकील रंगो बापूजी गुप्ते आठवावेत. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत केल्यावर त्यांची दाद मागण्यासाठी ते लंडनला गेले आणि जवळजवळ चौदा वर्षे तिथे झगडत राहिले. ऑक्टोबर १८४७ मध्ये महाराज काशीस वारले. ज्या धन्यासाठी आपण अर्ज लिहितो आहोत तो आता या जगात नाही, हे वकिलास कळण्यास कित्येक आठवडे जावे लागले. त्या मधल्या आठवड्यांचा विचार मनातून जात नाही.

६/
पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. बातमी आता लगेच पोहोचू लागली. माणूस आणि पत्र यांना मात्र विसाव्या शतकातही आगबोट आणि आगगाडी मिळून सुमारे दोन आठवडे लागतच होते. हे दोन आठवडे कमी करणे हेच विमानाचे काम ठरले.

७/
इंग्लंडहून हिंदुस्थानात उडत आलेले पहिले विमान कोणते? हँडली पेज कंपनीचे चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान. पहिले महायुद्ध संपल्यावर महिन्याभरात, १३ डिसेंबर १९१८ रोजी ते निघाले आणि जानेवारीच्या मध्यास कराचीजवळ पोहोचले. म्हणजे एक महिना, आगबोटीहून दुप्पट!

या विमानाचे पुढे काय झाले, ते फारसे सांगितले जात नाही. २४ मे १९१९ रोजी, तिसऱ्या अफगाण युद्धात, याच विमानाने काबूलवर बॉम्ब टाकले. हवाई मार्ग जोडण्यासाठी आलेल्या पहिल्या विमानाची दुसरी कामगिरी ही होती. शेजारच्या देशांनी पुढे ब्रिटिश विमानांकडे संशयाने पाहिले, त्यात नवल कसले?

८/
१९२६ च्या डिसेंबरअखेर ब्रिटिश हवाई मंत्री सर सॅम्युएल होर सपत्नीक लंडनहून निघाले आणि ८ जानेवारी १९२७ रोजी दिल्लीस उतरले. नियमित सेवा आता सुरू होणारच, असा देखावा होता. प्रत्यक्षात ती निम्मीच सुरू झाली: कैरो ते बसरा. बसऱ्याच्या पुढे इराणचा किनारा होता (तेव्हा पर्शिया म्हणत) आणि इराणने परवानगी दिली नाही.

रझा शाहची राजवट नुकतीच स्थिरावत होती. आखातात ब्रिटिशांचे वर्चस्व आधीच खुपत होते, त्यात आता आकाशही द्यायचे? तेहरानच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले तर ही अडवणूक वाटत नाही. विमाने तयार, वैमानिक तयार, आणि मार्ग दोन वर्षे बसऱ्यापाशी खोळंबलेला.

९/
अखेर तीन वर्षांपुरती परवानगी मिळाली. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली. प्रवास सात दिवसांचा, भाडे १३० पौंड.

या सात दिवसांचा मार्ग माझा विशेष आवडता आहे. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून तीन इंजिनांचे द्विपंखी विमान स्वित्झर्लंडमधील बाझेलपर्यंत. तिथे सर्वांनी उतरायचे आणि आगगाडीने इटलीतील जेनोव्हाला जायचे! हवाई प्रवासाच्या मध्येच रेल्वे, कारण फ्रान्सकडून इटलीत शिरण्याची मुभा ब्रिटिश विमानांना नव्हती आणि आल्प्स ओलांडणे त्या काळच्या विमानांना धोक्याचेच होते. जेनोव्हाहून फ्लाइंग बोट, म्हणजे पाण्यावर उतरणारे विमान. रोम, नेपल्स, अथेन्स, क्रीट, तोब्रुक असे टप्पे घेत इजिप्तपर्यंत. कैरोहून पुन्हा जमिनीवर उतरणारे विमान: गाझा, रुतबा, बगदाद, बसरा, बुशहर, लिंगेह, जास्क, ग्वादर, कराची.

(ग्वादर तेव्हा ओमानच्या सुलतानाचे होते. ते पाकिस्तानकडे आले १९५८ मध्ये.)

१०/
रुतबा म्हणजे इराकच्या वाळवंटातील एक किल्ला आणि विहिरी. आसपास शेकडो किलोमीटर काही नाही. या भागात वाट चुकू नये म्हणून ब्रिटिश हवाई दलाने १९२१ मध्ये अम्मान-बगदाद मार्गावर जमिनीवर चाकोऱ्या उमटवल्या होत्या, आणि जिथे चाकांचे माग टिकत नव्हते तिथे चक्क नांगर फिरवून तास पाडले होते. वैमानिक वरून ती रेघ पाहत पाहत जात. शेतकऱ्याच्या नांगराने काढलेला हवाई मार्ग, अशी दुसरी उपमा मला तरी सुचत नाही, आणि ही उपमाही नाही.

साहसाच्या या वर्णनात मृत्यू विसरायला नको. पहिल्या सात महिन्यांतच दोन विमाने गेली: सप्टेंबर १९२९ मध्ये जास्कला रात्री उतरताना एक, आणि ऑक्टोबरमध्ये इटलीतील स्पेझियाजवळच्या वादळी समुद्रात दुसरे. दुसऱ्यातील सातही जण बुडाले.

११/
तीन वर्षांनी इराणची मुदत संपली. इराण म्हणाले, किनारा सोडा, आतल्या डोंगराळ मार्गाने जा. ब्रिटिशांना ते परवडणारे नव्हते. म्हणून ऑक्टोबर १९३२ मध्ये सगळा मार्ग आखाताच्या पलीकडच्या, अरबी किनाऱ्यावर हलवला गेला. शारजाच्या शेखांशी करार झाला, वाळूत धावपट्टी आखली गेली आणि प्रवाशांना रात्री झोपण्यासाठी किल्ल्यासारखे, भक्कम भिंतींचे विश्रामगृह बांधले गेले. ती इमारत आजही ‘अल महट्टा’ या नावाने संग्रहालय म्हणून उभी आहे, आणि जुन्या धावपट्टीवरून आता शारजा शहराचा रस्ता जातो.

आखाती विमानतळांचे आजचे वैभव सर्वांना दिसते. त्याची एक मुळी इराणच्या एका नकारात आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

१२/
आता तुम्ही विचाराल, यात मुंबई कुठे आहे?

नाहीच! आपल्याकडे मुंबईला हिंदुस्थानचे प्रवेशद्वार म्हणायची सवय आहे, आणि आगबोटीच्या काळात ते खरेही होते. विमानाच्या काळात ते दार कराचीला गेले. पश्चिमेकडून येणाऱ्याला पहिली सोयीची जमीन तिथे लागे, हवा कोरडी होती, आणि दोऱ्यावर तर कराची होतीच. ब्रिटिशांनी अवाढव्य हवाई जहाजांसाठी तिथे एक प्रचंड हँगर उभारला. स्थानिक लोक त्याला ‘काला छपरा’ म्हणत. ज्या जहाजासाठी तो बांधला ते ‘आर-१०१’ कराचीस येण्यासाठी निघाले आणि ५ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून जळाले. ५४ पैकी ४८ जण दगावले, त्यांत स्वतः हवाई मंत्री लॉर्ड थॉमसनही होते. त्या छपराखाली एकही जहाज कधी आले नाही.

१३/
त्याच वर्षी, मे महिन्यात, याच मार्गावर एक फार सुंदर प्रसंग घडला. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यातील अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. इंग्लंडहून निघाला अस्पी इंजिनिअर नावाचा कोवळा तरुण. कराचीहून उलट दिशेने निघाले जे. आर. डी. टाटा. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी अडकून पडला होता, कारण त्याच्याकडे जादा स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींनी आपले दिले. अस्पी पुढे गेला आणि काही तासांच्या फरकाने बक्षीस त्याने जिंकले.

हाच अस्पी पुढे स्वतंत्र भारताचा हवाई दलप्रमुख झाला (१९६० ते १९६४).

१४/
मुंबईला या मार्गाशी जोडले ते याच जेआरडींनी आणि नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने. योजना १९२९ पासून सरकारदरबारी पडून होती. शेवटी एप्रिल १९३२ मध्ये मंजुरी मिळाली, अनुदान मात्र नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी एक इंजिनाच्या पस मॉथ विमानातून लंडनचे टपाल घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी विमान जुहूला उतरले. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत व्हिन्सेंट गेले. जुहूचे मैदान म्हणजे समुद्रालगतचा चिखलाचा पट्टा. पावसाळ्यात तो पाण्याखाली जाई, तेव्हा विमाने पुण्याला येरवड्याच्या मैदानात हलवावी लागत. म्हणजे लंडनहून निघालेले पत्र आल्प्सच्या पायथ्याशी आगगाडीत बसायचे, रुतब्याला वाळवंट पाहायचे, आणि आषाढात येरवड्याला उतरायचे.

लक्षात घ्या, हा महिनाही तोच: ऑक्टोबर १९३२. तिकडे इराणने किनारा बंद केला आणि इकडे मुंबई उघडली.

१५/
१९३८ पर्यंत मोठ्या फ्लाइंग बोटी आल्या आणि टपाल काही दिवसांत येऊ लागले. त्या उदयपूरजवळच्या राजसमंद तलावात उतरत, मुंबईत नाही.

मग १० जून १९४० रोजी इटलीने युद्धात उडी घेतली. भूमध्य समुद्रावरचे आकाश एका दिवसात मिटले. विमाने तीच, वैमानिक तेच, पण आता मार्ग उरला तो डर्बन-कैरो-कराची-कलकत्ता-सिडनी असा, घोड्याच्या नालेच्या आकाराचा. लंडनचे टपाल आधी जहाजाने दक्षिण आफ्रिकेतील डर्बनला जायचे आणि तिथून विमानात चढायचे. दिवसांचे पुन्हा आठवडे झाले. तंत्रज्ञान पुढे गेले म्हणजे वेळ कमीच होत जातो, हा आपला समज खोडण्यासाठी हे एकच उदाहरण पुरे.

१६/
८ जून १९४८, मंगळवार, रात्र. सांताक्रुझहून एअर इंडिया इंटरनॅशनलची ‘मलबार प्रिन्सेस’ लंडनसाठी निघाली: लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान, कॅप्टन गझदर, ३५ प्रवासी, भाडे १,७२० रुपये. थांबे दोनच, कैरो आणि जिनिव्हा. प्रवाशांत नवानगरचे जामसाहेब, क्रिकेटपटू दुलीपसिंहजी आणि लंडन ऑलिंपिकला निघालेले दोन सायकलपटू होते. वेळ सुमारे २४ तास. सात दिवसांवरून एका दिवसावर यायला १९ वर्षे लागली.

या मार्गात एक नाव नाही: कराची. वर्षभरापूर्वीपर्यंत मुंबईहून पश्चिमेकडे उडणे म्हणजे आधी कराचीला जाणे होते. आता कराची दुसऱ्या देशात होती आणि कॉन्स्टेलेशनच्या टाकीत थेट कैरो गाठण्याइतके इंधन मावत होते. एअर इंडिया इंटरनॅशनलचा पहिला नियमित हवाई मार्ग फाळणीनंतरच्या नकाशावर आखला गेला, एवढे नोंदवून पुढे जाते.

१७/
दोनच वर्षांनी, ३ नोव्हेंबर १९५० रोजी, तीच ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळली. ४८ माणसे. आणि २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे बोइंग ७०७ ‘कांचनजंगा’ त्याच पर्वतावर, जवळपास त्याच भागात. ११७ माणसे, त्यांत डॉ. होमी भाभा. तेही विमान मुंबईहून निघाले होते, तेही जिनिव्हाला उतरणार होते, तेही पुढे लंडनला जाणार होते.

भाभांच्या मृत्यूवर कटाच्या असंख्य कहाण्या फिरतात. त्या या थ्रेडखाली कृपया आणू नयेत.

१८/
त्याऐवजी हे ऐका. त्या पर्वतावरची बोसाँ हिमनदी वर्षानुवर्षे खाली सरकते आहे, वितळते आहे, आणि आतले परत देते आहे. २०१२ मध्ये गिर्यारोहकांना भारताच्या राजनैतिक टपालाची एक थैली सापडली. २०२० च्या उन्हाळ्यात बर्फातून भारतीय वर्तमानपत्रे बाहेर आली, जानेवारी १९६६ ची, इंदिरा गांधी पंतप्रधान होणार हे सांगणारी. कागद ओला होता पण अक्षरे वाचता येत होती.

बोइंग ७०७ मुळे प्रवास एका रात्रीत बसू लागला होता. ही वर्तमानपत्रे ५४ वर्षे वाटेत होती.

१९/
जेट आल्यावर इंधनासाठी थांबण्याची सक्ती हळूहळू संपली, पण दोरा सरळ झाला नाही. त्याचा कास्पियनपासूनचा मोठा तुकडा सोव्हिएत हद्दीत होता. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि युरोप-आशिया मार्गावरील पुष्कळ विमाने युक्रेनवरून जाऊ लागली. ताणलेल्या दोऱ्याच्या सर्वांत जवळून उडण्याची संधी मिळाली ती याच दोन-अडीच दशकांत. १७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेले मलेशियन विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले, २९८ माणसे गेली. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना पूर्ण बंद आहे.

२०/
आणि दोऱ्याचे आपल्याकडचे टोक? फेब्रुवारी ते जुलै २०१९ पाकिस्तानने हद्द बंद ठेवली. पहलगामच्या हल्ल्यानंतर, २४ एप्रिल २०२५ रोजी, भारतीय विमानांसाठी ती पुन्हा बंद झाली. भारतानेही आठवड्याभरात पाकिस्तानी विमानांना आपली हद्द बंद केली. हे हत्यार आपणही जुनेच वापरतो: १९७१ च्या आरंभी ‘गंगा’ विमानाच्या अपहरणानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना मज्जाव केला, तेव्हा कराचीहून ढाक्याला जाणाऱ्या विमानांना श्रीलंकेमार्गे सगळ्या द्वीपकल्पाला वळसा घालावा लागला होता. त्या वळशाने त्या वर्षी काय घडवले, हा वेगळाच विषय आहे.

२१/
तर माझ्या मैत्रिणीचे विमान त्या रात्री ओमानकडे का वळले, हे आता तुम्हाला कळले असेल. फोनच्या पडद्यावर ते अरबी किनाऱ्याच्या दिशेने सरकत होते, आणि माझ्या शेजारी १९३२ च्या मार्गाचा नकाशा उघडा होता. दोन्ही रेषा हुबेहूब एक नव्हत्या. पण दोन्ही उत्तरेकडची बंद दारे टाळून दक्षिणेकडच्या उघड्या दाराकडे चालल्या होत्या.

सकाळी तिचा संदेश आला: पोहोचले, पाऊस आहे, विमानात मागचा मुलगा रात्रभर सीटला लाथा मारत होता.

२२/
कराचीचा काला छपरा आणि ‘आर-१०१’ यांच्यावर स्वतंत्र थ्रेड करते आहे. पुढच्या रविवारी टाकेन. आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरी १९४८ पूर्वीची, कराचीचा शिक्का असलेली हवाई टपालाची पाकिटे असतील तर छायाचित्र जरूर टाका. पाकिटावर मागे उतरल्याचाही शिक्का असतो. दोन तारखांमधले दिवस मोजून सांगा.